भरती-सुकतीचे गणित आणि उथळ जलमार्ग
(अभ्यासलेख)

गोमंतकाच्या किनारपट्टीवर नदी ही जशी शेतीची आणि मासेमारीची, तशीच ती वाटेचीही सोबतीण आहे. मांडवी आणि झुवारी या दोन नद्यांना कुंभारजुव्याचा कालवा जोडतो. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, 2016 नुसार हे तिन्ही प्रवाह राष्ट्रीय जलमार्ग ठरले असून कालव्याची लांबी सुमारे 17 कि.मी. आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होतो. तेव्हा खनिजवाहू बार्जेस याच कालव्याने झुवारीत उतरत असत. परंतु अशा मार्गांची खोली रस्त्याच्या रुंदीप्रमाणे कायम नसते. सकाळी जेथून होडी सुखाने जाते, तेथेच सायंकाळी चिखल उघडा पडलेला असतो. म्हणून पाण्याचे गणित प्रत्येक नौकावाल्याला यावयास हवे.

भरती का व केव्हा येते?

चंद्राच्या व काही अंशी सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोन भरत्या व दोन सुकत्या होतात. मात्र दोन्ही भरत्यांची उंची सारखी नसते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे लागतात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्रांचे आकर्षण एकाच रेषेत येते आणि उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास हे आकर्षण काटकोनात असल्याने भांगाची, म्हणजे मंद भरती येते. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या चढउताराचा फरक दोन मीटरांहून अधिक, तर भांगाच्या दिवसांत सुमारे एक मीटर असतो. उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते खालीही उतरते, ही गोष्ट अनेकजण विसरतात.

तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा कोकणातील जुना आडाखा प्रसिद्ध आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, याप्रमाणे. हा आडाखा मुंबईकडील किनाऱ्यास अधिक जुळतो. गोव्यात भरती त्यापूर्वी सुमारे एक तास येते. नदीत आत जावे तसतशी ती उशिरा पोहोचते. मांडवी व झुवारीत समुद्राची भरती सुमारे 40 कि.मी. आतपर्यंत जवळजवळ पूर्ण जोमाने जाते. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची वार्षिक भरती-ओहोटी कोष्टके पाहावीत. त्यांत मुरगाव बंदराच्या वेळा दिलेल्या असतात.

एक उदाहरण

पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग कल्पिल्यास पहिल्या तासात 1, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, पाचव्यात 2 आणि सहाव्यात 1 भाग पाणी उतरते. हा अदमासाचा नियम आहे. तथापि तो अत्यंत उपयोगी आहे.

आता दिवाडी बेटावरील एक पती-पत्नी लहान होडीतून भाजीच्या टोपल्या घेऊन कालव्याने बाणस्तारीच्या बाजारास निघाली आहेत असे समजू. दिवस पौर्णिमेचा. पूर्ण भरती सकाळी 11 वाजता आणि पाण्याचा फरक 180 सें.मी. वाटेत एक उथळ जागा आहे. पूर्ण भरतीस तेथे 200 सें.मी. पाणी असते. भरलेली होडी पाण्यात 40 सें.मी. बुडते, तळाशी किमान 20 सें.मी. मोकळे पाणी राहिलेच पाहिजे. म्हणजे एकूण गरज 60 सें.मी.ची.

त्या जागी पाणी पुढीलप्रमाणे राहील:
दुपारी 12 वाजता 185 सें.मी.
1 वाजता 155 सें.मी.
2 वाजता 110 सें.मी.
3 वाजता 65 सें.मी.
4 वाजता 35 सें.मी.
5 वाजता 20 सें.मी.

अर्थ स्पष्ट आहे. दुपारी तीनपर्यंत ती जागा ओलांडली पाहिजे. बाजारात दोन टोपल्या विकावयाच्या राहिल्या आहेत. पती म्हणतो, ‘‘आणखी तासभर थांबूया, गिऱ्हाईक येईल.’’ पत्नीने धक्क्याच्या खांबावरील ओल्या रेघेवर लक्ष ठेवले आहे. ती म्हणते, ‘‘अहो, गिऱ्हाईक उद्याही येईल, पाणी मात्र आपल्यासाठी थांबायचे नाही.’’ तिचे ऐकले तर दोघे उजेडी घरी पोहोचतील. न ऐकले तर चारच्या सुमारास होडी चिखलात बसेल, आणि पाणी पुन्हा 65 सें.मी. होईपर्यंत संध्याकाळचे सात वाजतील. दोन टोपल्यांच्या मोलाने तीन तासांचा खोळंबा आणि अंधारातील प्रवास पदरी येईल.

येथे एक सूत्र ध्यानात ठेवावे: भरतीत रुतलेल्या होडीला पाणी सोडवते, सुकतीत रुतलेल्या होडीला पाणी सोडून जाते. म्हणून अनोळखी उथळ जागा शक्यतो चढत्या पाण्यावरच ओलांडावी.

पाण्याची पारख

वळणावर बाहेरच्या काठाशी पाणी बहुधा खोल, तर आतल्या काठाशी गाळ साचलेला असतो. वाऱ्याविना एकाच ठिकाणी पाणी खळबळत असेल तर खाली उथळवट आहे असे समजावे. शंका येताच बांबूने खोली मोजावी. पावसाळ्यानंतर वाळूचे बांध जागा बदलतात, म्हणून गतवर्षीच्या वाटेवर डोळे मिटून विसंबू नये. पावसाळ्यात पुराचे पाणी मिळाल्याने सुकतीचा ओढ अधिक वेळ व अधिक जोराने चालतो. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा सुटतो. नदीच्या मुखाशी सुकतीचे पाणी त्याला सामोरे गेल्यास लाटा उभ्या राहतात. अशा वेळी लहान होडीने मुखाकडे जाऊ नये.

होडी रुतल्यास

घाबरून चिखलात उतरू नये. खारफुटीकाठचा गाळ माणसाला मांडीपर्यंत ओढून घेतो. शिवाय कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींचा वावर आहे. ओझे एका बाजूस न लोटता होडी समतोल ठेवावी, नांगर टाकावा आणि पाणी चढण्याची वाट पाहावी. जीवरक्षक जाकीट निघतानाच अंगावर असावे. पिण्याचे पाणी, विजेरी व प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला दूरध्वनी जवळ असावा. संकटकाळी 112 वर, समुद्रात असल्यास तटरक्षक दलाच्या 1554 या क्रमांकावर संपर्क साधावा. निघण्यापूर्वी कोठे जातो व केव्हा परतणार, हे घरी सांगून जावे. याला खर्च काहीच नाही.

शाळांसाठी उपक्रम

शिक्षकांनी गावच्या धक्क्यावर दर दहा सें.मी.वर खुणा केलेली काठी बांधावी आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांकडून दर तासाला पाण्याची उंची नोंदवून घ्यावी. पंधरवडाभराच्या नोंदी तिथीसह मांडल्यास उधाण व भांग यांतील भेद आपोआप दिसून येईल. तयार झालेला तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. मुलांनी केलेले हे गणित उद्या एखाद्या होडीला वेळेवर घरी आणील.