घाट उतरून होडीत बसताना

सुट्टी लागली की कोल्हापुरातल्या कितीतरी गाड्या गगनबावड्याकडे नाहीतर राधानगरी-फोंड्याकडे वळतात. घाट उतरला की मालवण, तारकर्ली, देवबाग. पोरांना पाण्यावर न्यायचे असेल तर जरूर न्या. मात्र फेरी तास-दीड तासाचीच ठेवा आणि भरती-वाऱ्याची वेळ बघूनच निघा.

सुरुवात घरच्या पाण्यात करावी. होडीत उभे राहायचे नाही, सगळ्यांनी एकाच बाजूला धावायचे नाही, धक्क्याला लागताना हात काठाबाहेर ठेवायचा नाही. होडी आणि धक्का यांच्यात बोटे चेंगरतात ती याच क्षणी. हे सगळे रंकाळ्यावरच्या बोटीत अर्ध्या तासात अंगवळणी पडते. त्यानंतर देवबागची कर्ली खाडी. तिथे दोन्ही काठ दिसतात, त्यामुळे मूल बिचकत नाही. सिंधुदुर्गाची फेरी त्याच्याही नंतर.

सकाळीच निघावे. पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि पाणी बहुधा सपाट असते. ऊन चढले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. दुपारी तीनच्या सुमारास तोच समुद्र लहान मुलाला वेगळा वाटतो. आठ ते अकरा ही वेळ उत्तम. म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच करावा. पहाटे कोल्हापूर सोडून, घाट उतरून, तसेच होडीत चढणे टाळावे. ज्याला घाटात गाडी लागली, त्याला पुढे बोटही लागतेच.

भरतीचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. कोकण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, षष्ठीला साडेचारला, अष्टमीला सहाला. तेवढीच वेळ दिवसा आणि तेवढीच रात्री. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. भिंतीवरच्या कालनिर्णयावरून पाचवीतले मूल हे गणित करते. अंदाज मुलांचा, पक्की वेळ मात्र तांडेलाला विचारावी.

लाइफ जॅकेट स्वतः तपासावे. मुलाला घालून, सगळे पट्टे आवळून, खांद्याजवळ धरून वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते ढिले आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मापाचे मिळाले नाही तर ती फेरी सोडावी. आईबाबांनीही घालावे, फोटोसाठीसुद्धा काढू नये.

पोट जड करू नये. आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि सकाळी झणझणीत मिसळ, हा बेत परतीच्या दिवशी ठेवावा. होडीआधी घावणे नाहीतर भाकरी आणि खिशात आलेपाक. ज्याला मळमळते त्याला होडीच्या मधोमध बसवून दूर क्षितिजाकडे बघायला सांगावे. मोबाइल बघू देऊ नये.

मेचा शेवटचा आठवडा टाळावा. दरवर्षी घरात हाच वाद होतो, कारण सुट्टी तेव्हाच निवांत मिळते. पण मान्सूनच्या आधी समुद्र खवळू लागतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि 2 जणांचा जीव गेला. पावसाळ्यात तर किल्ल्याची वाहतूक बंदच असते. दिवाळीची सुट्टी सगळ्यात चांगली.

तांडेलाशी घासाघीस करू नये. पैशांची चालेल, माणसांची नाही. "अजून दोघं बसतील की!" हे वाक्य आपल्या तोंडून येऊ नये. तो "आज नको" म्हणाला तर आभार मानून परतावे.

देवबागच्या संगमावर पोरांना पाण्यात सोडू नये. खाडीचे पाणी ओहोटीला जोरात समुद्राकडे ओढते. वरून ते शांत दिसते, म्हणूनच जास्त भीती.

सिंधुदुर्ग घाईत उरकू नये. पाया 25 नोव्हेंबर 1664 चा. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. तिथे पोरांना काठाशी उभे करून पाणी दाखवा, ते प्रश्न विचारतीलच. कोल्हापूरच्या मुलांना एक जास्तीची गोष्ट सांगावी: हा किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेऊन फोर्ट ऑगस्टस नाव दिले, पुढच्या वर्षी तो परत आला आणि 1812 च्या तहात मालवणसह गेला.

शिडाचा वारा अनुभवायचा असेल तर पुढच्या सुट्टीत मुरूडजवळ राजपुरीला जावे. जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. शीड फुगले की होडी एका अंगाला कलते, मुलांना आधी सांगून ठेवावे. दरवाजाशी होडी लाटेबरोबर वर-खाली होते. ती वर आली की खलाशाचा हात धरून पायरीवर पाऊल टाकायचे. आधी एक मोठे माणूस, मग मुले, शेवटी दुसरे मोठे माणूस.

तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक निघण्याआधीच घरातल्या प्रत्येक फोनमध्ये घालावा.