टाकीतले मासे एका रात्रीत मेले? आधी पाणी तपासा

घरच्या काचेच्या टाकीतले मासे अचानक मेले की आपण औषधाची बाटली शोधतो. जरा थांबा. रोगाने मासे बहुधा एकेक करून जातात. सगळे एकदम गेले, तर पाण्यावर संशय घ्या. क्रमाने बघूया:

१. पाणी बदलल्यावर लगेच मेले? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं.

२. पहाटे वर येऊन तोंड उघडत होते? प्राणवायू कमी पडला. रात्री वीज जाऊन हवेचा पंप थांबला का? २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच.

३. टाकी नवी, की फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला? घाण पचवणारे जिवाणू नसले की अमोनिया साचतो. पाणी मात्र स्वच्छच दिसतं.

४. खोलीत डासांचा स्प्रे मारला? पंप तीच हवा पाण्यात सोडतो.

आता वाचलेले वाचवू. तपासणीसाठी बाटलीभर जुनं पाणी बाजूला ठेवा. मेलेले काढा, खाणं बंद, हवा चालू. क्लोरीन काढलेल्या, तितक्याच गरम पाण्याने तिसरा हिस्सा बदला. कारण सापडेपर्यंत नवे मासे आणू नका, नाहीतर तेही जातील.