समुपदेशकाला त्याचं शिक्षण विचारावं का?

प्रश्न : पहिल्याच भेटीत समुपदेशकाला त्याचं शिक्षण विचारलं तर त्याला राग येईल का? आणि तिथे नेमकं करतात तरी काय?

उत्तर : बिनधास्त विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही विचारा. नुसत्या चार दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर आपलं मन कुणाच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. औषधं मात्र मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरच देतात.

कामाची पद्धत कोणती, हेही विचारा. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे किशोर फडके यांच्यामुळे रुजली. तिच्यात त्रासाचं मूळ घटनेपेक्षा घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीत शोधतात. समजा, सासूबाई सगळ्यांसमोर बोलल्या आणि तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. समुपदेशक विचारेल, ‘त्या क्षणी मनात काय आलं?’ ‘त्यांनी मला असं बोलताच कामा नये!’ मग हा ‘कामा नये’ कुठून आला, तो धरून ठेवल्याने काय साधतं, यावर दोघं मिळून वाद घालतात. घरी लिहून आणायला गृहपाठही मिळतो. सासूबाई चूक की बरोबर, हा निवाडा तो करत नाही. सल्ल्यांची खैरात करणाऱ्यापासून सावधच राहा.

तुमचं बोलणं गुप्तच राहतं. जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगावं लागतं, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करतो.