ठासणीची बंदूक दुरुस्त करण्यापूर्वी

आमच्या घरातील वडिलोपार्जित ठासणीची बंदूक मी जाणकाराकडून तपासून घेतली, ही वार्ता आप्तेष्टांत पसरल्यापासून तशाच बंदुका बाळगणारे अनेक गृहस्थ माझ्याकडे विचारणा करू लागले आहेत. आणि त्या सर्वांच्या बोलण्याचा मथितार्थ हाच असतो, की अडकलेला घोडा मोकळा करून, भेगाळलेला कुंदा सांधून आणि नळी घासूनपुसून घेतली म्हणजे पणजोबांच्या हातची ही बंदूक पुन्हा बार काढील की नाही. प्रश्न स्वाभाविक आहे. पण तो सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. भिंतीवर टांगलेली गंजकी बंदूक ही घराण्याची एक स्मृती असते. तीच बार काढण्याजोगी झाली की ती शस्त्र होते, आणि शस्त्राला लागू असलेला कायदा, त्याची जोखीम व आजूबाजूच्यांच्या जिवाची जबाबदारी ही सारी तिच्याबरोबर घरात येतात. म्हणून कानशीला हात घालण्यापूर्वी ज्या गोष्टींचा निकाल लागला पाहिजे, त्या येथे क्रमाने नमूद करतो.

प्रथम दफ्तर उघडावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रानडुकरे व वानर यांपासून पिकांचे रक्षण करण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना घेण्याची वहिवाट जुनी आहे, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातही पीकसंरक्षणार्थ वापरावयाच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याच अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमाचा हवाला देऊन ‘जुन्या बंदुकीला परवाना लागतच नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. परंतु ते कलम नीट वाचले तर असे दिसते, की सवलत आहे ती जुनाट घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही. यातील ‘दुरुस्त करून’ हे दोन शब्द ध्यानात घ्यावेत. जी बंदूक दुरुस्तीने चालू होईल असे आपण म्हणतो, ती आपल्याच तोंडाने आपण या सवलतीच्या बाहेर काढीत असतो. शिवाय पाचव्या कलमान्वये बंदुकांची दुरुस्ती व चाचणी हा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही; तेव्हा गावातील लोहार कितीही कुशल असला, तरी त्याच्या भात्यापाशी बंदूक नेऊन बसणे त्याला व आपल्याला सारखेच अडचणीचे ठरते. परवाना वडिलांच्या नावे असून ते निवर्तले असतील, तर बंदूक नजीकच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या जुन्या पावत्या अशा वेळी मोठ्या उपयोगी पडतात. आमचे काम सुकर झाले ते वडिलांनी त्या पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणूनच.

दुसरी गोष्ट अशी, की जुनी बंदूक रिकामी आहे असे कोणाच्याही सांगण्यावरून मानू नये. आमची बंदूक दरवर्षी खंडेनवमीला पाटावर मांडली जाई, तिला हळदकुंकू वाहिले जाई, मुले तिचा घोडा ओढून पाहत, आणि ती भरलेली असेल अशी शंका घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणालाही कधी शिवली नव्हती. शहरातील ज्या परवानाधारक मिस्त्रींकडे ती नेली, त्यांनी इतर काहीही पाहण्याआधी नळीचे तोंड बाजूला वळविले, स्वतः नळीसमोरून दूर राहून आत एक लाकडी काठी अलगद सारली, तोंडापाशी काठीवर पेन्सिलीने खूण केली आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून धरली. काठीचे टोक नळीच्या बुडापर्यंत पोहोचायला हवे होते. ते चार बोटे अलीकडेच थांबले. “काका, ही भरलेली आहे. आधी हिला भिजवू या, मग बोलू,” एवढेच ते म्हणाले. रात्रभर नळीत पाणी मुरवून दुसऱ्या दिवशी त्यांनी गजाच्या टोकाला बसणाऱ्या पेचाने आतला ऐवज उपसला, तेव्हा प्रथम कुजलेल्या कापडाचा बोळा, मग वर पांढुरकी पुटे चढलेले शिशाचे छर्रे आणि सरतेशेवटी गंधकाच्या वासाचा काळा लगदा बाहेर आला. ठासणीची काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक पिढ्यांनंतरही पेट घेते. तिला मुदत नसते. म्हणून भरलेली नळी तापविणे, तिच्यावर ठोके घालणे किंवा बुडाचा पेच सैल व्हावा म्हणून तिला ज्योत दाखविणे या गोष्टी प्राणघातक आहेत, आणि काठीच्या मापात यत्किंचितही तफावत आढळली तर बंदूक जागची न हलविता जाणकाराला पाचारण करावे.

आता नळीविषयी. ठासणीच्या बंदुकीचे सामर्थ्य तिच्या बुडाकडील वीतभर भागात असते, कारण दारूचा दाब तेथेच सर्वाधिक असतो, आणि दुर्दैवाने गंजही तेथेच सर्वाधिक साचतो. काळ्या दारूच्या जळण्यातून जी राख उरते ती क्षारयुक्त असून हवेतील ओल शोषून घेते. घोड्याच्या आघाताने बार पेटविणाऱ्या जुन्या टोप्यांतील मसाल्याचा अवशेषही तसाच क्षारयुक्त. आणि त्यांत कोकणची खारी हवा मिळाली म्हणजे बाहेरून गुळगुळीत दिसणारी नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते. जुन्या नळ्यांपैकी कित्येक तर एकसंध धातूच्या नसून लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून आणि तापवून घणाखाली एकजीव केलेल्या असतात. त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी मनोहर नक्षी उमटते, ती त्या सांध्यांचीच नक्षी होय. आणि त्या सांध्यांतून आत शिरलेला गंज वरून दिसत नाही.

आमच्या बंदुकीत याहूनही एक सूक्ष्म दोष निघाला. ती मूळची चकमकीची. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले, पुढे तांब्याच्या टोप्या प्रचारात आल्या, आणि त्यानंतर चकमकीच्या असंख्य बंदुका टोपीच्या करण्यात आल्या. तशीच हीही केली गेली. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे नळीचा कान मोठा करून, त्यात आटे पाडून एक लोखंडी ठोकळी बसविली होती आणि तिच्यावर टोपी बसवायचे निपल होते. कालांतराने त्या आट्यांतून धूर निसटू लागला असावा, कारण कोणा कारागिराने ठोकळीभोवती पितळेची झाळ देऊन वर काळा रंग फासला होता. मिस्त्रींनी रंग पुसून भिंग धरले, तेव्हा झाळेच्या कडेने केसासारखी एक चीर नळीच्या अंगात शिरलेली मला स्पष्ट दिसली. म्हणजे बंदूक दुबळी झाली होती ती जेथे तिची दुरुस्ती झाली होती तेथेच. आणि ती चीर नेमकी नेम धरणाऱ्याच्या गालाशेजारी होती.

येथे शिक्क्यांविषयीचा एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. विलायती नळीच्या बुडाशी लंडनच्या किंवा १८१३ साली स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मोहर असते, आणि ती दिसली की मालक निर्धास्त होतो. ती मोहर खरी असली तरी ती साक्ष देते ती उमटविली त्या दिवसाची. त्यानंतरचा गंज, त्यानंतरची झाळ आणि त्यानंतर कानशीने घटविलेली जाडी यांविषयी ती मूक असते. तरीही ती जपावीच. वाळूकागदाने नळी चकाकविण्याच्या हौसेपायी अशा मोहरा व नक्षीकाम कायमचे नाहीसे होते, नळीची जाडी घटते आणि वस्तूचे ऐतिहासिक मोलही जाते. तपकिरी झाक आलेली जुनी नळी तशीच शोभते. सुटा गंज तेलाच्या बोळ्याने पुसून काढावा, आणि जवसाचे तेल हलक्या हाताने कुंद्याला चोळावे, एवढे मालकाने करण्यासारखे आहे.

चापाची कळ हे मात्र जाणकाराचेच काम. घोडा अर्ध्यावर ओढून ठेवला असता चाप कितीही दाबला तरी तो पडता कामा नये. पडत असेल तर आतील खाच झिजली आहे असे समजावे. आमच्या घोड्याचे हेच झाले होते. ती खाच नीट करण्यात आली, मोठी कमान बदलली आणि कुंद्याची भेग सांधली गेली.

ज्यांच्या नळीला जाणकाराने अनुकूल अभिप्राय दिला असेल, त्यांनीही काही पथ्ये कसोशीने पाळावीत. काडतुसातील बिनधुराची दारू ठासणीच्या नळीत चिमूटभरही घालू नये, कारण तिचा दाब त्या नळीच्या सोसण्यापलीकडचा असतो. काळी दारू परवानाधारकाकडूनच घ्यावी, ती घरी करणे हा अपराध आहे. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. चाचणीचा पहिला बार खांद्याला लावून काढू नये. ते परवानाधारकाने, बंदूक चौकटीला बांधून, दुरून दोरीने चाप ओढून करावयाचे काम आहे. आणि बार काढल्यावर नळी आधी पाण्याने धुवावी, कारण क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. ती पूर्ण वाळल्यावरच तेल लावावे. केवळ तेलाचा हात फिरविणारे लोक क्षारावर झाकण घालून गंजाची तजवीज करीत असतात.

आमच्या नळीला अभिप्राय प्रतिकूल मिळाला. चुलतभावाने नवी ठोकळी बसविण्याचा, निदान शिमग्याला एकदा अर्धा बार काढण्याचा आग्रह धरून पाहिला. मिस्त्रींनी दोन्ही गोष्टींस साफ नकार दिला, कारण चीर नळीच्या अंगात होती आणि अर्ध्या बारानेही ती किती वाढेल हे कोणी सांगू शकत नव्हते. ही बंदूक आता परवान्याच्या कक्षेबाहेर गेली असे आम्ही आपल्या मनाने ठरविले नाही. ते ठरविण्याचा अधिकार मालकाचा नव्हे. परवाना चालू ठेवला आहे, आणि मिस्त्रींचा लेखी अभिप्राय त्याच दफ्तरात लावला आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, जी इतर सर्व सूचनांहून अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. तपासणीची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी या दोन स्वतंत्र बाबी आहेत, असे काम सोपविण्यापूर्वीच ठरवून टाकावे, आणि पहिली रक्कम हातावर ठेवूनच बंदूक पुढे करावी. ज्याचे पोट दुरुस्तीवर अवलंबून आहे त्याला नकार देणे जड जाते, आणि ज्याला नकाराचेही पैसे मिळतात तो निःशंकपणे खरे बोलतो. आमच्या मिस्त्रींना त्या नकाराचे जे पैसे मी दिले, तितका सत्कारणी लागलेला खर्च त्या बंदुकीवर दुसरा झालेला नाही.