निवासी वस्तीत व्यापारी भूवापर : निर्णयाचे अर्थशास्त्र आणि प्रक्रिया

छत्तीसगडमधील भिलाई हे नियोजनातून जन्मलेले शहर आहे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलाद प्रकल्प उभा राहिला आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली. प्रकल्पाच्या नगरात सेक्टर आखले गेले. घरे कोठे आणि बाजार कोठे, हे आराखड्यातच ठरले. प्रकल्पनगराबाहेर मात्र खासगी मालकीच्या वसाहती वाढल्या. स्मृति नगर ही त्यांपैकी एक. अशा वसाहतीत जमिनीचा वापर एका मालकाच्या हाती नसतो. प्रत्येक भूखंडाचा मालक वेगळा आणि त्याचे हितही वेगळे असते.

अशा वसाहतीतील एका भूखंडधारकाने घराच्या जागी व्यापारी संकुल बांधण्यासाठी भूवापर बदलाची मागणी केली, असे समजू. त्याच्या दृष्टीने ही स्वतःच्या मालमत्तेची बाब आहे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने आयुष्यभराची बचत ज्या घरात गुंतवली, त्या घराच्या शांततेचा तो प्रश्न आहे. या मागणीचा निर्णय कोणी, कोणत्या निकषांवर आणि कोणत्या टप्प्यावर घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाह्य परिणाम आणि लाभहानीचा हिशेब

अर्थशास्त्रात या प्रश्नाचा गाभा ‘बाह्य परिणाम’ या संकल्पनेत आहे. एखाद्या व्यवहाराचा खर्च किंवा लाभ त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या व्यक्तींवर पडतो, तेव्हा बाजारातील किंमत समाजाची खरी किंमत दाखवत नाही. वाहनांची गर्दी, आवाज, पाणीपुरवठा व मलनिःसारणावरील ताण हा खर्च दुकानाच्या जमाखर्चात येत नाही. तो शेजारी आणि नगरपालिका सोसतात. ए. सी. पिगू यांनी 1920 मध्ये अशा खर्चावर कर आकारण्याचा विचार मांडला. रोनाल्ड कोस यांनी 1960 मध्ये दाखविले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींचा खर्च नगण्य असेल, तर संबंधितांना आपापसांत कार्यक्षम तडजोड करता येते. परंतु शेकडो कुटुंबांच्या वसाहतीत वाटाघाटींचा खर्च नगण्य नसतो. म्हणूनच नियोजनाची गरज भासते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भूवापर बदलामुळे भूखंडाचे मूल्य 60 लाख रुपयांनी वाढले आणि आसपासच्या 20 घरांचे मूल्य प्रत्येकी 2 लाख रुपयांनी घटले. एकूण लाभ 60 लाख, एकूण हानी 40 लाख. 1939 मध्ये मांडल्या गेलेल्या कॅल्डॉर-हिक्स निकषानुसार हा बदल कार्यक्षम ठरतो, कारण लाभधारक सर्वांची भरपाई करूनही 20 लाख रुपये राखू शकतो. मात्र ही भरपाई केवळ ‘शक्य’ असते. ती प्रत्यक्षात दिली जातेच असे नाही. शिवाय 60 लाखांची ही वाढ मालकाच्या श्रमातून नव्हे, तर सार्वजनिक निर्णयातून निर्माण झालेली असते. तिलाच ‘अनार्जित वाढ’ म्हणतात.

महाराष्ट्रात 1992 पासून महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम 124-अ नुसार बांधकामावर व वापरातील बदलावर विकास शुल्क आकारले जाते. ते सार्वजनिक सुविधांसाठी वापरावयाचे असते. या तरतुदीमुळे लाभाचा काही अंश समाजाकडे परत येतो. तथापि, ज्या 20 घरांनी हानी सोसली त्यांच्याच गल्लीत तो खर्च होईल, अशी हमी त्यात नाही.

निर्णय कोणाचा?

74 व्या घटनादुरुस्तीने (1992, अंमल 1 जून 1993 पासून) बारावी अनुसूची समाविष्ट केली. तिच्यातील 18 विषयांपैकी पहिला ‘नगररचनेसह नागरी नियोजन’ आणि दुसरा ‘भूवापराचे नियमन व इमारतींचे बांधकाम’ हा आहे. मात्र अनुच्छेद 243-ब (डब्ल्यू) नुसार हे अधिकार किती द्यावयाचे, हे राज्य विधिमंडळ ठरविते.

येथे राज्याराज्यांत महत्त्वाचा भेद आढळतो. महाराष्ट्राच्या 1966 च्या अधिनियमात नगरपालिका स्वतः नियोजन प्राधिकरण असते. आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल करावयाचा असेल, तर कलम 37 नुसार तिला राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींना नोटीस देऊन सुनावणी घ्यावी लागते आणि त्यानंतर प्रस्ताव राज्य शासनाच्या मंजुरीसाठी पाठवावा लागतो. छत्तीसगडमध्ये अविभाजित मध्य प्रदेशाच्या काळातील 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम लागू आहे. तेथे विकास योजना नगर तथा ग्राम निवेश संचालनालय तयार करते आणि कलम 23-क नुसार तीत फेरबदल करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. दोन्ही राज्यांत अंतिम शब्द शासनाचाच. फरक एवढाच की, महाराष्ट्रात प्रस्तावाची पहिली चर्चा नागरिकांच्या निकटच्या सभागृहात होऊ शकते. ज्यांच्या दारात परिणाम होणार, त्यांचा प्रतिनिधी निर्णयापासून जितका दूर, तितके हरकतींच्या सुनावणीचे मोल अधिक, हे लक्षात घ्यावयास हवे.

न्यायालयांचा कौल

के. रामदास शेणॉय विरुद्ध उडुपी नगर परिषद (1974) हा या विषयावरील मार्गदर्शक निवाडा होय. निवासी वस्तीत कल्याण मंडप व व्याख्यानगृहासाठी घेतलेल्या परवानगीचे रूपांतर चित्रपटगृहात करण्यास नगर परिषदेने मान्यता दिली. नगररचना योजनेत ते निषिद्ध होते. एका रहिवाशाने दाद मागितली. बांधकामावर खर्च झालेला असल्याने परवानगीत हस्तक्षेप नको, असा दृष्टिकोन उच्च न्यायालयाने घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. योजना रहिवाशांच्या हितासाठी असते आणि अधिकारकक्षेबाहेरील कृती पैसे खर्च झाले म्हणून वैध ठरत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा (1991) या प्रकरणात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयास देण्याचा निर्णय रद्द ठरला आणि रहिवाशांचा दाद मागण्याचा हक्क मान्य झाला. आर. के. मित्तल विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (2011) या प्रकरणात नोएडाच्या निवासी सेक्टरांतील बँका व शुश्रूषागृहांचा वापर नियमबाह्य ठरविण्यात आला.

उशिरा घेतलेल्या निर्णयाची किंमत

दिल्लीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. निवासी भागांत वर्षानुवर्षे दुकाने वाढत गेली आणि यंत्रणेने डोळेझाक केली. 16 फेब्रुवारी 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा दुकानांना टाळे ठोकण्याचे आदेश दिले. हजारो व्यापारी व कामगारांच्या उपजीविकेवर गदा आली, आंदोलने झाली. त्याच वर्षी संसदेने विशेष कायदा करून तात्पुरते संरक्षण दिले, 2,183 रस्ते मिश्र वा व्यापारी वापरासाठी अधिसूचित झाले आणि 7 फेब्रुवारी 2007 रोजी अधिसूचित झालेल्या ‘दिल्ली बृहत् आराखडा 2021’ मध्ये मिश्र भूवापराला सविस्तर स्थान मिळाले. म्हणजेच आधी बांधकाम, मग बंदी आणि शेवटी नियम, असा उलटा प्रवास घडला.

छत्तीसगडनेही 2002 मध्ये अनधिकृत विकासाच्या नियमितीकरणाचा कायदा केला आणि 2022 मध्ये त्यात दुरुस्ती केली. अशा कायद्यांमागे मानवी कारणे असतात; लोकांची घरे आणि पोट त्यावर अवलंबून असते. तरीही वारंवार नियमितीकरण झाल्यास नियम पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला केवळ विलंबित शुल्क, असा चुकीचा संकेत जातो. अर्थशास्त्रात यालाच ‘नैतिक धोका’ म्हणतात.

मिश्र वापर त्याज्य नाही

निवास आणि व्यापार यांची कडेकोट विभागणी हाही उपाय नव्हे. कोपऱ्यावरचे किराणा दुकान, घरातील शिवणकाम किंवा शिकवणी यांमुळे प्रवास वाचतो, विशेषतः स्त्रियांना घराजवळ उत्पन्न मिळते. प्रश्न व्यापाराच्या प्रमाणाचा आणि स्थानाचा आहे. म्हणून कोणत्याही मागणीची छाननी पुढील निकषांवर व्हावी :

1. रस्त्याची रुंदी वाढीव वाहतूक पेलू शकते काय?
2. वाहनतळाची सोय भूखंडाच्या आतच आहे काय?
3. पाणी, मलनिःसारण व अग्निशमन यांची क्षमता पुरेशी आहे काय?
4. एका मंजुरीनंतर शेजारच्या दहा भूखंडांनी तीच मागणी केल्यास एकत्रित परिणाम काय होईल?
5. मूल्यवाढीचा वाजवी हिस्सा त्याच परिसराच्या सुविधांवर खर्च होणार काय?

यांपैकी चौथा प्रश्न बहुधा विसरला जातो. एकेक बदल किरकोळ दिसतो. त्यांची बेरीज मात्र वसाहतीचे स्वरूप पालटते.

समारोप

विकास आराखडा हे शासनाने नागरिकाला दिलेले वचन आहे. त्यावर विसंबून कोणी घर घेतो, तर कोणी दुकानासाठी कर्ज काढतो. परिस्थितीनुसार हे वचन बदलता येते. पण तो बदल आधी, उघडपणे, बाधितांना ऐकून आणि कारणे नोंदवून व्हावयास हवा. तसे झाल्यास नकार मिळालेला अर्जदार आणि हरकत फेटाळली गेलेला शेजारी, दोघेही निर्णयाचा आदर करू शकतात.

सरावासाठी प्रश्न
1. ‘भूवापर बदल हा केवळ तांत्रिक नव्हे, तर वितरणात्मक न्यायाचा प्रश्न आहे.’ चर्चा करा.
2. 74 व्या घटनादुरुस्तीनंतरही नगरनियोजनात राज्य शासनाचे वर्चस्व का टिकून आहे? उदाहरणांसह स्पष्ट करा.