शिष्याला शोधायला निघालेले गुरू



दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्यापैकी बरेचजण श्रीगुरुचरित्राचे पारायण करतात. सात दिवसांच्या पारायणात सोळावा अध्याय बहुधा दुसऱ्या दिवशी येतो. तोवर वाचनाला वेग आलेला असतो, त्यामुळे धौम्य ऋषी आणि त्यांच्या तीन शिष्यांची कथा आपण भरभर वाचून पुढे जातो. शिष्याने गुरूची आज्ञा पाळावी, एवढाच बोध मनात राहतो. पण हाच अध्याय शिक्षकाच्या बाजूने सावकाश वाचून बघा. मुलांना चांगले वळण कसे लावावे, याचा तो पाठच आहे.

प्रसंग असा. श्रीनृसिंहसरस्वती वैजनाथक्षेत्री गुप्तरूपाने राहत होते. तिथे आपल्या गुरूला सोडून आलेला एक ब्राह्मण भेटला. त्याची तक्रार काय? तर गुरू कठोर बोलतात, रागावतात, शिकवत काही नाहीत, नुसती कामे सांगतात. आजही शाळेतून आलेल्या मुलाच्या तोंडी हीच तक्रार ऐकू येते! श्रीगुरूंनी त्याची कानउघाडणी केली आणि धौम्यांची कथा सांगितली.

धौम्यांचे तीन शिष्य: अरुण, बैद आणि उपमन्यू. अरुणाला शेतात पाणी आणायला धाडले. पाण्याला ओढ फार, बांध टिकेना, तेव्हा तो स्वतःच आडवा झोपला. बैदाला शेत राखायला सांगितले आणि धान्य घरी आणायला गाडा दिला, पण रेडा एकच. दुसऱ्या बाजूला त्याने स्वतःची मान जुंपली आणि चिखलात रुतला. उपमन्यूचा आहार मोठा, त्यामुळे अभ्यासात चित्त लागेना. त्याला गुरे राखायला रानात पाठवले.

आता पहिली गोष्ट बघा. शिष्य तीन, तर कामेही तीन. अरुणाला ऐनवेळची अडचण एकट्याने निभवायची होती. बैदाला लांबलेले काम शेवटपर्यंत न्यायचे होते. उपमन्यूला तर स्वतःच्या जिभेशीच झगडायचे होते. ज्याचे जे कच्चे, तिथेच गुरूंनी बोट ठेवले. एकच गृहपाठ साऱ्या वर्गाला देऊन हे साधत नाही.

दुसरी गोष्ट उपमन्यूची. गुरू त्याला पुन्हा पुन्हा विचारतात, "तू खातोस काय?" तो आधी सांगतो, भिक्षा मागतो. मग सांगतो, दोनदा मागतो. मग सांगतो, वासरे पिऊन उरलेले दूध पितो. एकदाही तो खोटे बोलत नाही. गुरूही खरे बोलल्याबद्दल त्याच्यावर हात उगारत नाहीत, फक्त पुढचा नियम सांगतात. खरे सांगितले की मार बसतो, हे मुलाला एकदा कळले की ते खोटे बोलायला शिकते. मग कितीही सुविचार फळ्यावर लिहा, उपयोग नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत मोठी. तिन्ही वेळा गुरू शिष्याला शोधायला स्वतः जातात. अरुण घरी आला नाही म्हणून शेतावर जाऊन हाका मारतात. बैदाला चिखलातून सोडवतात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊन आंधळा झालेला उपमन्यू विहिरीत पडला, तर तिथेही तेच पोहोचतात आणि अश्विनीदेवांची प्रार्थना करायला सांगतात. काम सांगून धौम्य मोकळे झाले नाहीत.

बँकेत खातेवह्या होत्या त्या काळी रोजचा ताळा जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. आजचा फरक आजच शोधला तर दहा मिनिटांत सापडतो. महिन्याने शोधायला बसलात तर शेकडो नोंदी तपासाव्या लागतात. मुलांच्या सवयींचंही असंच आहे. वही रोज बघणारा शिक्षक आणि परीक्षेनंतर रागावणारा शिक्षक, यांत हाच फरक.

यावर कुणी विचारेल, लेकराला उपाशी ठेवणं, चिखलात रुतू देणं, हे काय शिकवणं झालं? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. याचे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात मिळते. ही कथा तिथेही आहे. गुरुचरित्रातला बैद म्हणजे तिथला वेद. हा वेद पुढे स्वतः गुरू झाला. गुरुगृही राबण्याचे दुःख त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने आपल्या शिष्यांना कष्टाच्या कामांना जुंपले नाही, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे परंपरा पुढे नेताना तिच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे त्या शिष्यानेच दाखवून दिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई केली. वेदाने ती आपल्यापुरती कधीच केली होती.

तेव्हा धौम्यांकडून कठोरपणा उचलायचा नाही. उचलायची ती त्यांची नजर. कोणाचे काय कच्चे आहे हे ओळखणे, न मारता विचारणे, आणि सांजवेळी मूल परतले नाही तर शोधायला निघणे. शाळेतल्या शिक्षकापुढे पन्नास-साठ मुले असतात, हे खरे. पण रोज पाच मुलांपाशी दोन मिनिटे थांबले, तरी दोन-अडीच आठवड्यांत सारा वर्ग पुरा होतो. घरी आपल्या नातवंडांना घेऊन बसणाऱ्या आजी-आजोबांना तर तेवढाही हिशोब नको.

यंदाच्या पारायणात सोळावा अध्याय आला की जरा थांबा. शेताच्या बांधावर उभे राहून शिष्याला हाका मारणारे धौम्य डोळ्यांसमोर आणा. आपल्या हाकेची वाट बघणारे एखादे मूल जवळपास असेल. त्याला हाक मारू या.

श्रीगुरुदेव दत्त.