नम्रता कुणाकडून वसूल करू नकोस

चि. बाळ यास,



तुझं पत्र परवा मिळालं. पाळक म्हणून पहिलीच नेमणूक, तीही आपल्या नगर जिल्ह्यातल्या जुन्या मंडळीत, याचा मला फार आनंद झाला. पाळकाचं घर पावसात गळतं म्हणून लिहिलंस. पंचांना आताच सांगून ठेव, मृगापर्यंत थांबू नकोस.

पाळकाने नम्र राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं तू विचारलंस. समारंभात पुढची खुर्ची देतात ती घेताना तुला ओशाळल्यासारखं होतं, आणि नको म्हटलं तर माणसं दुखावतात. शिवाय उपासना सुटल्यावर एका आजींनी चारचौघांत म्हटलं, की पाळकसाहेब, तुमचं बोलणं सगळं डोक्यावरून गेलं. ते तुला लागलं आहे. दोन्ही गोष्टी तू एकाच पत्रात लिहिल्यास हे बरं केलंस.

खुर्चीचं लवकर उरकतं. दिली तर बस. हार घातला तर घालून घे आणि बसल्यावर काढून ठेव. लग्नाच्या मेजवानीत शेवटच्या जागी बसण्याचा प्रभूचा सल्ला होता तो स्वतःहून मानाच्या जागा निवडणाऱ्यांना. यजमानाने हात धरून पुढे नेल्यावर त्याच्याशी ओढाताण करायला त्याने सांगितलेलं नाही. ‘नको, नको, मी कुठला एवढा मोठा’ असं म्हणत जो अडून बसतो, तो तेवढा वेळ सगळ्यांच्या नजरा स्वतःवर खिळवून ठेवतो. प्रार्थनेतही स्वतःला पामर, नालायक म्हणवून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. मनापासून वाटत असेल तर दार लावून देवाला सांग. मंडळीसमोर माईकवरून सांगू नकोस.

आता मुख्य गोष्ट. योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय तू शिकताना कितीदा वाचला असशील. तरी आणखी एकदा सावकाश वाच आणि तिसऱ्या वचनापाशी थांब. पाय धुण्याची गोष्ट सांगताना आपण थेट पाण्याचं भांडं आणि रुमाल इथून सुरुवात करतो. योहान तशी करत नाही. पित्याने सारं काही आपल्या हाती सोपवलं आहे, आपण देवाकडून आलो आणि देवाकडेच परत चाललो आहोत, याची येशूला पुरती जाणीव होती, हे तो आधी नोंदवतो. त्यानंतर येशू जेवणावरून उठतो, अंगावरचं वस्त्र उतरवतो आणि कमरेला रुमाल बांधतो. आपण कोण आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तो शिष्यांच्या पायांशी बसला. लूक तर सांगतो, की त्याच रात्री त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांमध्ये वाद लागला होता, आपल्यात मोठा कोण. स्वतःच्या मोठेपणाची चिंता लागलेल्या त्या माणसांपैकी एकाचाही हात पाण्याकडे गेला नाही. पुढे यहूदाची पाळी आली तेव्हाही येशू थांबला नाही. यहूदा आपल्याला धरून देणार आहे हे ठाऊक असताना त्याचेही पाय धुतले. या एका गोष्टीवर उपदेश करायला मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या पलीकडे गेले नसते.

आणि तो रुमाल येशूने स्वतः उचलला, हे विसरू नकोस. सगळ्यांत धाकट्या शिष्याच्या हाती रुमाल देऊन ‘नम्र हो, आमचे पाय धू’ असं त्याला म्हणता आलं असतं. गुरू म्हणून तो अधिकार त्याला होता. बाळा, मला तुला सांगायचं आहे ते हेच. नम्रता ज्याची त्याने उचलायची असते. ती दुसऱ्याकडून वसूल केली, की तिची जबरदस्ती होते. पाळकाला अशी वसुली करणं फार सोपं असतं, कारण त्याच्या हाती पुलपिट असतं आणि समोरच्यांना उलट बोलायची मुभा नसते.

तुझ्यापुढे रविवारी जी माणसं बसतात त्यांच्या पणज्या-पणजोबांची आठवण ठेव. अमेरिकन मराठी मिशनने नगरला 1831 साली काम सुरू केलं. पुढे खेडोपाडी ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं, त्यांतले बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर राहायचं, पाटलापुढे जोहार घालायचा, आपली सावली कुणावर पडू नये म्हणून बाजूला सरायचं, हा त्यांचा जन्माचा रिवाज. वाकायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. शुभवर्तमानाबरोबर शाळा आली, हाती पुस्तक आलं आणि ती माणसं ताठ उभी राहिली. त्यांच्या पतवंडांना ‘लीन व्हा’ म्हणण्यापूर्वी पाळकाने क्षणभर तरी थांबावं. कोण उंचावर बसला आहे आणि कोण आधीच वाकलेला आहे, हे पाहून मग तोंड उघडावं.

एखादी बाई तुझ्याकडे येईल आणि नवरा मारतो म्हणून रडेल. तिला सहनशीलतेची वचनं काढून देऊ नकोस. ती आणि तिची लेकरं सुखरूप जागी पोचतील एवढं आधी बघ. पोलिसांत जायचं म्हणाली तर सोबत जा. नम्रतेवरचा तुझा उपदेश तिच्या नवऱ्याला ऐकव. मजुराची मजुरी अडवून पुढच्या बाकावर बसणाऱ्यालाही ऐकव, मग तो मंडळीला कितीही दान देत असो.

प्रभूला हन्नासमोर नेलं तेव्हा एका शिपायाने त्याला चपराक मारली. त्याने उलट हात उगारला नाही, पण गप्पही बसला नाही. माझं काय चुकलं ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असा जाब विचारला. फिलिप्पैत पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचा निरोप पाठवला तर पौल अडून बसला. आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने कळवलं, आणि त्यांना यावं लागलं. या माणसाला गर्विष्ठ म्हणशील?

आपल्या पंडिता रमाबाईंना मात्र तसं म्हटलं गेलं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये अशी बिशपांनी हरकत घेतली. धर्मसिद्धान्तांवरूनही वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. सिस्टर जेराल्डिन यांना त्यांच्यात अहंकार दिसला. रमाबाईंचं म्हणणं होतं, की देवाने मला बुद्धी आणि विवेक दिला आहे, तो मी कुणाच्या पायाशी ठेवणार नाही. ती पत्रं छापलेली आहेत, मिळाली तर जरूर वाच. मला त्यांत अहंकार दिसत नाही. माणसांच्या दबावाखाली देवाशी खोटं बोलायला नकार देणारी बाई दिसते.

त्याच रमाबाईंचं पुढचं आयुष्य पाहा. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं होतं. असं पांडित्य पदरी असलेल्या या बाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या, टाकून दिलेल्या मुली-बायकांमध्ये उमेदीची वर्षं घालवली. त्या वेळचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर, अशिक्षित बायकांना न कळणारं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पुन्हा सबंध पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या. कान गेले, 1921 साली मनोरमा ही एकुलती लेक गेली, तरी काम सुटलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवले, छपाई केली आणि 1924 साली ग्रंथ बाहेर पडला. बिशपांपुढे न वाकलेली मान निरक्षर बाईला समजेल असा शब्द शोधायला वर्षानुवर्षं कागदावर वाकलेली राहिली. बाळा, ख्रिस्ती नम्रतेचा याहून चांगला नमुना मला आपल्या मुलखात ठाऊक नाही.

आता तुझ्या मंडळीतल्या त्या आजी. ‘डोक्यावरून गेलं’ हे त्यांनी अपमान करायला म्हटलं, की कळावं अशी इच्छा होती म्हणून? ज्याला ऐकायचंच नसतं तो मुकाट्याने घरी जातो. तू लिहिलंस, त्या फारशा शिकलेल्या नाहीत. अपुल्लोस आठव. आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात तरबेज. इफिसच्या सभास्थानात धडाडीने बोलत होता, पण बाप्तिस्मा त्याला योहानाचाच ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्याने त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. प्रेषितांच्या कृत्यांचा 18वा अध्याय अपुल्लोसच्या तोंडी एकही तक्रार घालत नाही. पुढे तो अखयात गेला आणि तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

घेता येणं हे देण्यापेक्षा अवघड असतं. पेत्राला येशूकडून पाय धुऊन घेणं जमेना, आणि ती नम्रता आहे असं त्याला वाटत होतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपलं सोवळं कसं सुटत गेलं ते लिहिलं आहे.  कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार होणं हे खरं अंतर होतं, आणि ते त्यांनी ओलांडलं. तूही भेटी देताना नुसता प्रार्थना करून उठू नकोस. त्यांच्या घरचा चहा पी, भाकरी दिली तर खा. तुझ्यासाठी प्रार्थना करायला त्यांना सांग आणि मान खाली घालून ती ऐक. आजींच्या घरी शुक्रवारी जा, रविवारचा उतारा त्यांना वाचून दाखव आणि त्यांना काय कळलं ते विचार. त्यांचं उत्तर लिहून घे.

रागाच्या भरात कुणाला चारचौघांत बोललास, तर माफीही चारचौघांत माग. मागून घरी जाऊन मागितलेली अर्धी असते. सेक्स्टन, झाडलोट करणारी बाई यांची नावं पहिल्या महिन्यात पाठ कर.

शेवटी पैशांचं. आपल्या मंडळ्या जमिनीवरून आणि पदांवरून कोर्टात गेलेल्या तू लहानपणापासून ऐकल्या आहेस. दानाची पेटी एकट्याने उघडू नकोस, दोन पंच समोर असू देत, आणि आकडा तिथल्या तिथे लिहून सह्या घे. वार्षिक सभेत एखादं तरुण पोर उभं राहून विचारेल, छपराच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले. तेव्हा ‘पाळकावर विश्वास नाही का’ असं म्हणण्याचा मोह होईल आणि सभेतले दोघे-तिघे तुझ्या बाजूने तसं म्हणतीलही. त्यांना बसायला सांग. हिशेबाचं पुस्तक त्या पोराच्या हाती दे आणि त्याचं पाहून होईपर्यंत सभा पुढे नेऊ नकोस.

तुझी,
आत्या